दुपारी लाल, संध्याकाळी हिरवे

५ ऑक्टोबर

रंजूताईस,

नावाआधी 'सौ.' लिहिले नाही, ते विसरून नाही. लिहावे की नाही हे ठरेना, म्हणून थोडी जागा कोरी सोडली आहे. पाकिटावर मात्र लिहिले आहे, कारण पाकीट पोस्टमन वाचतो.

मला एक शास्त्रीय माहिती हवी आहे. बाकी काही नाही. अकरावीचे जीवशास्त्राचे पुस्तक अजून माझ्याजवळ आहे, आधी तू वापरलेले आणि नंतर मी निम्मे वापरलेले. त्यात शैवालांचे तीन गट दिले आहेत : हिरवी, तपकिरी आणि लाल. हिरवी गोड्या पाण्यात सापडतात, तपकिरी बहुतेक समुद्रात, लालही बहुतेक समुद्रात. माझा प्रश्न एवढाच की हे 'बहुतेक' म्हणजे किती? आपल्या बाजूच्या तळ्यात लाल शैवाल होऊ शकते का? हो किंवा नाही एवढे लिहिलेस तरी चालेल. तू लाखांदूरला कॉलेजच्या प्रयोगशाळेत काम करतेस, तुला हे सोपे असेल.

कशासाठी विचारतो ते लिहायचे नाही असे ठरवले होते. पण कारण सांगितल्याशिवाय तू उत्तर देणार नाहीस. पेन्सिल मागितली तरी कशाला पाहिजे ते आधी विचारायचीस.

तळ्यातले मासे मेले. रोहू, कतला, मृगळ, काही शिल्लक राहिले नाही. सकाळी बाबा आणि मी तळ्याच्या बांधावर, पाळीवर गेलो तर काठाकाठाने पांढरी पोटे दिसत होती. आपली सगळी धिवरांची घरे या एका तळ्यातल्या माशांवर जगतात हे तुला सांगायला नको. दुपारी पाण्यावर लाल साय आली, कोणी गुलाल कालवून ओतल्यासारखी. हात बुडवला तर नखांना रंग लागला. भोजराजकाकांनी वास घेतला आणि म्हणाले, "हे काई नोहे. काई अशी लाल रायते का कवा? हे दवाई आहे. कोनंतरी टाकली."

मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष भैय्याजी यांनी बुधवारी मीटिंग ठेवली आहे. मला म्हणाले, "हेमराज, तू सायन्सवाला आहेस. काई आहे का दवाई आहे, ते तू सांगजो." म्हणजे शैवाल की औषध हे मी ठरवायचे; मी सायन्सवाला किती ते तुला माहीत आहे. तू धम्मदीपसोबत निघून गेल्यावर बाबांनी माझा एसटीचा पास काढायचा बंद केला. एक शिकून गेली, आता दुसऱ्याला नाही शिकवायचे, असे म्हणाले. त्याबद्दल मी तुला काही लिहीत नाही.

आणखी एक. धम्मदीप सध्या कोणत्या बाजूला फिरतीवर असतो? सहज विचारतो. धानावर तुडतुड्यांची कीड आली की औषध कंपन्यांची माणसे बांधाबांधावर दिसतात, म्हणून.

उत्तर लवकर पाठव. मी बपेऱ्याला जाऊन पत्र टाकतो आहे, येथे डब्यात टाकत नाही, बाबांना कळायला नको; उत्तरही तेथल्याच पोस्टात पाठव.

हेमराज


१३ ऑक्टोबर

रंजूताईस,

तुझे पत्र मिळाले. मी एक प्रश्न विचारला होता, तू उत्तर दिले नाहीस, उलट मलाच तीन विचारलेस. तळ्यात यंदा कोणते खत टाकले? मेलेले मासे कोणी खाल्ले तर नाहीत ना? आणि पाणी अजून दुपारी लाल आणि संध्याकाळी हिरवे होते का?

तिसरा प्रश्न मी पुष्कळ वेळा वाचला.

ताई, मी तुला फक्त लाल लिहिले होते. पत्र पाकिटात घालण्याआधी मी ते वाचून काढतो, त्यामुळे कोणता शब्द लिहिला आणि कोणता नाही हे माझ्या लक्षात राहते. हिरवे हा शब्द पाण्याबद्दल मी लिहिलाच नव्हता. तेव्हा मला ते माहीतही नव्हते. तुझे पत्र वाचून मी दिवस कलताना तळ्यावर गेलो आणि पाहिले. लाल साय गेली होती, पाणी धानाच्या रोपासारखे हिरवे झाले होते. दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर पुन्हा लाल.

येथे बसून मला जे दिसले नाही ते लाखांदूरला बसून तुला कसे दिसले?

आता मला जे माहीत आहे ते लिहितो. मासे मरण्याच्या आधी धम्मदीप तळ्यावर आला होता. भोजराजकाकांनी रस्त्यावरून पाहिले. भर दुपारी पिंपळाजवळच्या पायऱ्यांवर वाकून बसला होता, हातात पांढरी बाटली होती. काकांना पाहून त्याने बाटली पिशवीत घातली, मोटारसायकल सुरू केली आणि गेला. आपल्या घराकडे वळला नाही. काका म्हणाले, "जवाई असून गावात येते, अन् घरी पानी नाही पीत. असा मानूस कायले येईल गा?" बाबा उठून बाहेर गेले.

मीटिंगमध्ये मी बोललो ते तुला कळले पाहिजे, दुसऱ्याकडून कळण्याआधी. तुझे उत्तर तोवर आले नव्हते. मी पुस्तक उघडून वाचून दाखवले. शैवाले तीन प्रकारची, लाल शैवाल बहुतेक समुद्रात. मग म्हणालो, भंडारा जिल्ह्यात समुद्र नाही, म्हणजे हे शैवाल नाही. म्हणजे बाहेरून काहीतरी टाकले आहे. मी कोणाचे नाव घेतले नाही. नाव भैय्याजींनी घेतले.

आता रंग बदलतो हेही सगळ्यांना समजले आहे, कारण मीच सांगितले. त्यावर पोरांतला गोलू म्हणाला, "मंग सोपं आहे. रोज सकारी येऊन टाकते, सांजपर्यंत असर उतरते." त्यामुळे आता पाळीवर पहारा बसला आहे. कोणी सापडत नाही आणि पाणी रोज लाल होते. यावर लोक म्हणतात, पाहा किती हुशार आहे.

पोलिसांत तक्रार द्यायची ठरले आहे. तक्रार लिहायचे काम माझ्याकडे आले, माझे शुद्धलेखन चांगले आहे म्हणून. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी ती सर्वांसमोर वाचायची, सह्या घ्यायच्या आणि ठाण्यात न्यायची. त्यात धम्मदीपचे नाव, त्याचा धंदा आणि तुमचा पत्ता असेल. नाव गेले की त्याची नोकरी राहणार नाही, औषध कंपनी अशा माणसाला ठेवत नाही, हे भैय्याजी स्वतःच म्हणाले. ते म्हणताना ते खूश दिसले.

खताबद्दल विचारलेस. दरवर्षी शेणखत टाकतो. यंदा भैय्याजींनी कोंबडीखत आणले. बाबा पाण्यात कोपरापर्यंत हात घालतात, तळवा दिसेनासा झाला की पाणी पिकले, माशांना चारा झाला. यंदा ते लवकर पिकले म्हणून सगळे खूश होते आणि आणखी टाकले. खताचा आणि याचा संबंध काय? की हा विषय बदलण्याचा प्रकार आहे?

मासे कोणी खाल्ले नाहीत. पुरले.

हेमराज


२१ ऑक्टोबर

रंजूताईस,

तुझे लांब पत्र मिळाले. आकृत्या चांगल्या काढल्या आहेस.

आधी जे समजले ते लिहितो, चुकले असेल तर सांग. डोळ्यांना दिसणाऱ्या रंगावरून शैवालांचे गट पाडत नाहीत. अन्न तयार करणारे हरितद्रव्य कोणत्या जातीचे, उरलेले अन्न ते कशाच्या रूपात साठवते, अंगाभोवती भिंत आहे की नाही आणि असेल तर कशाची, पोहायला चाबकासारखे शेपूट आहे का आणि किती, हे सगळे पाहावे लागते. त्यामुळे माझ्या पुस्तकातले तीन म्हणजे सगळे नव्हेत. काचेच्या डबीसारखे कवच असलेल्यांचा गट वेगळा. निळी-हिरवी काई, जिला आपण सगळ्यात आधी काई म्हणतो, तिच्या पेशीत केंद्रकच नाही, म्हणून ती आता जिवाणूंत धरतात. हे वाचून मला वाईट वाटले, का ते सांगता येत नाही.

आणि आपल्या तळ्यातली ती युग्लिना. तिला भिंत नाही, एक लांब शेपूट आहे, ऊन मिळाले की अन्न बनवते आणि नाही मिळाले तर पाण्यात कुजलेले खाते. हरितद्रव्य हिरव्या शैवालांसारखेच. लाल रंग अन्न बनवणारा नाही, उन्हापासून बचावाचा आहे. कडक उन्हात तो तिच्या सगळ्या अंगावर पसरतो आणि सावली आली की मधे गोळा होतो, मग खालचे हिरवे दिसते. आपण शेतात डोक्यावर दुपट्टा घेतो आणि झाडाखाली आलो की काढतो, तसे तू लिहिलेस. म्हणजे लाल दिसणारी ही लाल गटातली नाहीच.

मी पुस्तक पुन्हा पाहिले. युग्लिना त्यात आहे. पण वनस्पतींच्या धड्यात नाही, त्याच्या आधीच्या धड्यात, एकपेशीय सजीवांत आहे. मी शैवाल शोधत होतो म्हणून फक्त शैवालांचीच पाने पाहिली.

तू सांगितलेस तसा प्रयोग केला. तळ्याचे लाल पाणी दोन परातींत घेतले, एक उन्हात ठेवली, दुसरीवर बारदाना टाकला. चहा घेऊन आलो आणि बारदाना उचलला तर लाली उतरू लागली होती. आणखी थोडे थांबलो, पाणी हिरवे झाले. परत उन्हात आणली, परत लाल. भोजराजकाका बाजूला उभे होते. म्हणाले, "जादू करून रायला का गा?" मी म्हणालो, "काका, कोणी रोज येऊन टाकत नाही. हे जिवंत आहे." काका परातीवर वाकले. मग म्हणाले, "जिवंत आहे तं मंग खाते काय?" मी म्हणालो, "आपलं खत." ते हसले नाहीत.

मला वाटले काम झाले. तशीच परात घेऊन भैय्याजींकडे गेलो. त्यांनी नीट पाहिले, खरेच नीट पाहिले, आणि म्हणाले, "बरोबर आहे तुझं. दवाई नाही, जीव आहे. मंग तो जीव आला कोठून? इतक्या वर्षांत कवा आला नाही. तो बाटलीतून आनला अन् सोडला. दवाईपेक्षा वाईट काम केलं त्यानं. तक्रारीत तसं लिही."

ताई, खोटे का लिहू? मलाही ते पटले. वाटेत परात डोक्यावर होती आणि मी तेच तेच घोळत होतो. तुझी प्रयोगशाळा आहे. तेथे बाटल्या आहेत. तू हे जीव ओळखतेस, सांभाळतेस, मुलांना दाखवतेस. बाबांनी लग्नानंतर तुम्हा दोघांना दारातून परत पाठवले. मी भैय्याजींची बाजू मांडत नाही, फक्त एकापुढे एक ठेवतो आहे. तू लिहितेस की हा जीव थोडाफार कोणत्याही तळ्यात असतो आणि खत जास्त झाले, ऊन तापले की वाढतो, काही जातींचे विष माशांना मारते. असेलही. पण तू तसे लिहिणारच ना?

एका प्रश्नाचे सरळ उत्तर दे. पत्र कोणाला दाखवणार नाही. बाटली येताना भरलेली होती की रिकामी होती?

हेमराज


२७ ऑक्टोबर

रंजूताई,

तुझे दोन ओळींचे पत्र मिळाले. 'रिकामी आली, भरून गेली. कोणी मागवली ते मी सांगणार नाही, तूही शोधू नकोस.'

शोधू नकोस असे मला लिहिण्याचा उपयोग नाही.

म्हणजे येथून कोणीतरी तुला कळवले, मासे मरण्याआधी. दुपारी लाल, संध्याकाळी हिरवे हेही त्यानेच सांगितले. मी एकेकाचा विचार केला. गोलू रात्रंदिवस फोनवर असतो, पण त्याला तळ्यापेक्षा क्रिकेटची काळजी. भोजराजकाकांना फोन उचलता येतो, लावता येत नाही. मी लोकांच्या तोंडाकडे पाहू लागलो. कोणी हसले तरी वाटायचे, हाच. एक दिवस तर बाबांवरही संशय घेतला, इतके वाईट झाले.

तळ्यात मासे नाहीत म्हणून आई आता नदीचे मासे घेऊन तुमसरच्या बाजारात बसते. काल टोपली जड होती म्हणून मी सोबत गेलो. तिच्या बाजूला गोदावरीबाई बसतात, त्या सुकी मासळी विकतात. आई पाणी आणायला गेली होती. गोदावरीबाई मला म्हणाल्या, "काय रे बाबू, बहीन काय मनते? तिची नोकरी पक्की झाली का?"

मी म्हणालो, "तुम्हाला कसं माहीत?"

"घ्या. माह्याच फोनवरून तं बोलते तुही माय. दर बाजाराले. एवढं बोलते का माहे गिऱ्हाईक उभे रायतात. मी मनतो, बाई, पोरीशी बोलतेस का रेडिओ लावतेस."

एवढ्यात आई आली. माझ्याकडे पाहिले, गोदावरीबाईंकडे पाहिले आणि सुरी घेऊन मासे कापू लागली. गिऱ्हाईक नव्हते तरी कापत होती.

बसमधून उतरल्यावर आई रस्त्यात बोलली. दुपारी जाळी धुवायला ती तळ्यावर जात होती, तिला लाल दिसले. संध्याकाळी भांडी घेऊन जात होती, तिला हिरवे दिसले. आम्ही पुरुषमाणसे सकाळी जाऊन येतो, आम्हाला काहीच दिसले नव्हते. मासे तोंड वर काढत होते तेही तिने पाहिले. तिने तुला सांगितले. तू म्हणालीस पाणी पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. धम्मदीप तुमसरला डीलरकडे येणार होता, त्याला तू बाटली देऊन पाठवलेस. पुढच्या बाजाराला तू आईला सांगितलेस की खत आजच बंद करा आणि कालव्याचे ताजे पाणी आत घ्या.

मी विचारले, "मग सांगितलं का नाहीस कोणाला?"

आई म्हणाली, "सांगतलं. तुह्या बापाले मनलं, खत नोका टाकू. तं मने, तुले काय समजते तळ्यातलं? मी काय सांगू कोनाचं समजनं आहे ते?"

ताई, म्हणजे इलाज आपल्या घरात आला होता. चुलीपर्यंत आला आणि तेथून पुढे सरकला नाही, कारण तुझे नाव घेतल्याशिवाय तो सांगता येत नव्हता. मासे त्यानंतर मेले.

आता तक्रार माझ्या ट्रंकेत आहे, पूर्ण लिहून. आईचे नाव घेतले की धम्मदीप सुटतो. पण बाबांनी शपथ घातली आहे, जो रंजूशी बोलेल त्याने या घराची पायरी चढू नये. ते बोलतात तसे करतात, तुला ठाऊक आहे. आईने मला सांगितले आहे की तू तोंड उघडायचे नाही. तू लिहितेस शोधू नकोस. म्हणजे तुम्ही दोघींनी आधीच ठरवले आहे की धम्मदीप अडकला तरी चालेल, आई नको. त्याला हे माहीत आहे का? त्याने यावर काय म्हटले?

याचे उत्तर रविवारच्या आत मला मिळणार नाही, हे समजून लिहितो आहे.

हेमराज


३ नोव्हेंबर

सौ. रंजूताईस,

काल मीटिंग झाली.

सोसायटीच्या खोलीत जागा पुरली नाही म्हणून बाहेर पिंपळाखाली बसलो. सगळे आले होते. बाबा मागे, जाळी ठेवतात त्या भिंतीला टेकून. भैय्याजी म्हणाले, "हेमराज, वाच."

मी कागद हातात घेतला, पण वाचला नाही. म्हणालो, मागच्या वेळी मी अर्धेच वाचून दाखवले होते, आज बाकीचे सांगतो. युग्लिनाचे सगळे सांगितले. बोलताना माझा आवाज कापतो, तू ऐकले आहेस. लाल दिसते ते लाल गटातले नाही हे मी तीन वेळा सांगितले, कारण पहिल्या दोन वेळा कोणाच्या तोंडावर काही हलले नाही. भोजराजकाका म्हणाले, "परातीत म्या पायलं आहे. पोरगं खरं बोलते."

भैय्याजी म्हणाले, "मी कवा मनलं खोटं बोलते? जीव आहे, मान्य. आनला कोनं, एवढं सांग."

मी म्हणालो, "बाटली रिकामी आली होती."

"तू पायली?"

"नाही."

"मंग कोनं सांगतलं तुले?"

तुझे नाव घेतले असते तर पुढचा प्रश्न आला असता, रंजूला कोणी सांगितले. मी बाबांकडे पाहिले. ते माझ्याकडे पाहत नव्हते, पायाच्या अंगठ्याने माती उकरत होते. गोलू म्हणाला, "सायन्सवाल्याचा सिग्नल गेला." दोघेतिघे हसले. भैय्याजींनी माझ्या हातातून कागद घेतला आणि सही करायला पेन काढले.

तेव्हा आई आली. बायका आमच्या मीटिंगला बसत नाहीत, काठावर उभ्याही राहत नाहीत. ती सरळ मधे आली. डोक्यावर टोपली नव्हती, पदर खोचलेला होता, पाण्यावरून आल्यासारखी.

म्हणाली, "बाटली म्या मांगतली होती."

भैय्याजी म्हणाले, "काकू, तुमी कायले मधात येता?"

"माहा जवाई आहे तो. मी नाही येनार तं कोन येईल? पानी लाल दिसलं, म्या रंजूले सांगतलं. तिनं पानी मांगलं, त्यानं येऊन नेलं. तिनं तपासलं अन् सांगतलं, खत बंद करा, नाहीतं मासे मरतात. मासे जित्ते होते तवा."

कोणीतरी मागून विचारले, "मंग सांगतलं काहून नाही?"

आईने बाबांकडे बोट केले. एवढेच. मग म्हणाली, "या घरात तिचं नाव काढलं का ताट अंगनात जाते. म्या सांगतलं असतं तं घर गेलं असतं. नाही सांगतलं तं तळं गेलं. आता ठरवा कोनावर तक्रार करता ते. माह्यावर करा. माहं नाव सखाबाई, बापाचं नाव हेमराजले माहीत आहे, तो लिहून देईल."

मग भोजराजकाका हळूच म्हणाले, "खत तं भैय्याजी, तुमच्या साळ्याच्या कोंबड्यांच्या शेडातलं होतं." आणि सगळ्यांची तोंडे भैय्याजींकडे वळली. जशी महिनाभर धम्मदीपच्या नावाकडे वळलेली होती, तशीच. मला ते बघून बरे वाटले आणि लगेच वाईट वाटले. मी म्हणालो, खत सगळ्यांनी मिळून टाकले, आणखी टाका असे सगळेच म्हणत होते. हे मी मोठ्याने म्हणालो, आवाज कापला नाही. मग भैय्याजींनी तक्रारीची घडी घालून ती मला परत दिली. सही कोणी केली नाही.

पण सगळे मिटले असे समजू नकोस. परतताना गोलू कोणाला तरी सांगत होता, "मायलेकी दोघी मिळून काय बोलतात कोनाले माहीत." असे लोक बरेच दिवस बोलत राहतील. मीही तुम्हाला महिनाभर तसेच लिहीत होतो. धम्मदीपने माझी पत्रे वाचली असतील तर वाचली, नसतील तर त्याला वाचू देऊ नकोस.

आता घरचे.

मीटिंगहून बाबा घरी आले नाहीत, तळ्यावर जाऊन बसले. आई आली आणि तिने लुगडी-कपडे गाठोड्यात बांधून दाराशी ठेवले. मी म्हणालो, हे काय? ती म्हणाली, "मानूस बोलते तसं करते. मंग मले धावपळ नोको." आणि स्वयंपाकाला लागली.

दिवस मावळला तेव्हा बाबा आले. दाराशी गाठोडे होते, ते ओलांडून आत आले. पाय धुतले. उजवा हात कोपरापर्यंत हिरवा होता, तो मात्र धुतला नाही. ताटावर बसले. मी समोर बसलो. आई भात वाढून चुलीकडे तोंड करून उभी राहिली.

बाबांनी निम्मा भात संपवला. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "आता कालव्याचं पानी सोडलं तं मंग बीज कवा सोडाचं? किती दिवस थांबा लागते? ते तिले विचार."

मी काही म्हणायच्या आत आई तिकडूनच म्हणाली, "कोनाले?"

बाबांनी पाण्याचा पेला उचलला, परत ठेवला.

आई वळली नाही. पुन्हा म्हणाली, "कोनाले विचारू मनता?"

"रंजूले," बाबा म्हणाले.

तर विचारतो आहे. कालव्याचे पाणी परवापासून आत घेणार आहोत, खत बंद आहे. माशांचे बीज केव्हा सोडायचे?

तुझा,
हेमराज